जुन्या वॉटर कूलरचा चिलर: सोलापूरच्या उन्हाळ्यात रीफ टाकी २६ अंशांवर कशी ठेवायची

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना तर रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला की चटका जाणवतो. अशा घरात समुद्री टाकी (रीफ टाकी, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळासारखे जीव पाळायची काचेची टाकी) ठेवायची आणि तिचं पाणी २५-२६ अंशांवर धरायचं, हे ऐकून लोक हसतात. पण ते जमतं. त्यासाठी महागडा आयात चिलरच (पाणी गार करणारं तयार यंत्र) हवा असंही नाही. ऑफिस, शाळा, मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात उभा असतो तो स्टीलचा पिण्याच्या पाण्याचा वॉटर कूलर जुन्यात मिळाला की निम्मं काम झालं. आयात चिलर बिघडला तर गावात त्याला हात लावणारा मिळेलच असं नाही. वॉटर कूलर मात्र कुठलाही फ्रिज-एसीवाला डोळे मिटून उघडतो.

आधी एक कायद्याची गोष्ट. दगडी सांगाडा बनवणारी प्रवाळं भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. ‘गुपचूप आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खाली जे सांगतोय ते कायद्याने ठेवता येणारे समुद्री मासे, झोआंथिड, मशरूम वगैरे (दगडी सांगाडा नसलेले प्रवाळाचे नातलग) असलेल्या टाकीला तसंच्या तसं लागू आहे.

एवढी धडपड कशासाठी

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला अन्न पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिलं तरी ही भागीदारी तुटते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. दुसरं संकट ऑक्सिजनचं. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो सव्वासहापर्यंत उतरतो, आणि नेमकी त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. म्हणून २६ हा आकडा धरू. खरं तर २५ की २७ यापेक्षा दिवसभरात तो हलतो किती, याला जास्त महत्त्व आहे. दुपारी २९ आणि पहाटे २५ असा रोजचा झोका सगळ्यात वाईट.

आधी उष्णता कमी करा

चिलरवर पैसे घालण्याआधी फुकटात होणारी कामं उरकून घ्या. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर हलवा. हलवणं शक्य नसेल तर मागच्या काचेला आणि तळाखाली इंचभर थर्मोकोल लावा. खिडकीवर जाड सोलापुरी चादर टांगा, घरात असतेच. दिवे दुपारी लावूच नका, टाकीचा ‘दिवस’ संध्याकाळी सहाला सुरू करून रात्री दोनला संपवा. प्रवाळाला सूर्य कुठल्या वेळी उगवला याच्याशी देणंघेणं नाही, आणि तुम्हालाही टाकी बघायला सवड रात्रीच मिळते. संपच्या (मुख्य टाकीखालच्या छोट्या जोडटाकीच्या) कपाटाची दारं उघडी ठेवा.

पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट खातो ते जवळपास सगळे पाण्यातच उष्णता म्हणून उतरतात. ५० वॅटचा जुना रिटर्न पंप (संपमधलं पाणी टाकीत परत चढवणारा) काढून २० वॅटचा डीसी पंप लावला तर ३० वॅटची उष्णता कायमची गेली, शिवाय बिलही कमी झालं.

आता मोजा

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेऊ. दगड आणि वाळू वजा जाता तिच्यात साधारण २०० लिटर पाणी राहतं. खोली ३६ अंशांवर आणि पाणी २६ वर असेल तर काचेतून अंदाजे १०० वॅट उष्णता आत येते. पंप, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मिळून ६० धरा. १२० वॅटच्या एलईडीची निम्मी उष्णता पाण्यात जाते असं समजा, म्हणजे आणखी ६०. झाले २२०. वरच्या मजल्यावर खोली ४० ला गेली तर २६०.

कागदावरचा हिशेब पटत नसेल तर टाकीलाच विचारा. दुपारी गोठवलेल्या बाटल्या सोडून पाणी २६ वर आणा, बाटल्या काढा, पंखे बंद करा, बाकी सगळं चालू ठेवा आणि तासाभरात पाणी किती अंश चढतं ते बघा. लिटर गुणिले अंश गुणिले १.१४, हे झाले तुमचे वॅट. २०० लिटरचं पाणी तासाला ०.९ अंशाने चढलं तर २०५ वॅट. ही चाचणी एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, घरात जशी गरमी असते तशीच असताना करा. आलेल्या आकड्याची दुप्पट, म्हणजे इथे ४०० ते ४५० वॅट, एवढी ताकद यंत्रात हवी. चिलर दिवसभर दम न घेता चालत असेल तर तो लहान पडतोय असं समजायचं.

पंख्याने भागतं का?

एप्रिल-मे मध्ये बऱ्यापैकी भागतं, आणि हा आपल्या कोरड्या हवेचा फायदा आहे. माठ जसा पाझरून गार होतो तशी टाकी वरून वाफ सोडून गार होते. दिवसाला एक लिटर पाणी उडालं तर सतत २८ वॅट उष्णता निघून जाते. चार लिटर उडालं तर ११२. पाण्यावर तिरका वारा मारणारे संगणकाचे दोन-तीन १२ व्होल्टचे पंखे एवढं काम सहज करतात.

पंखा पाणी कुठवर उतरवू शकतो, ते घरी कळतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. जो आकडा येईल त्याच्या खाली पंखा कधीच जाणार नाही, आणि प्रत्यक्षात टाकी त्याच्या दोन-चार अंश वरच थांबते. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना ओल्या फडक्याचा आकडा २४ येतो. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असताना तो २६ च्या वर जातो! मे महिन्यात पंख्यावर टाकी निभावली म्हणून निश्चिंत झालेला माणूस पावसाळ्यात फसतो तो इथे. बाहेर गारवा वाटतो आणि टाकी मात्र २८-२९ वर अडून बसते.

शिवाय उडालेलं पाणी आरओचंच भरावं लागतं, कारण मीठ टाकीतच राहतं. चार लिटर आरओमागे घरगुती मशीन आठ-दहा लिटर बाहेर टाकतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा हिशेब जड आहे. ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला ठेवलं तरी रोजची ओढाताण आहेच. म्हणून पंखे काढू नका, पण त्यांना जोडीदार द्या.

वॉटर कूलरच का

लोक सगळ्यात आधी जुन्या फ्रिजकडे बघतात. फ्रिजमध्ये पाइपचं भेंडोळं ठेवायचं आणि त्यातून टाकीचं पाणी फिरवायचं. हे चालत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर शून्याच्या बराच खाली गेलेल्या कॉइलसाठी बनवलेला असतो, आणि एकदा गार झालेल्या डब्यातली थोडी-थोडी उष्णता उपसणं एवढंच त्याचं काम. छोट्या फ्रिजची ताकद शंभर-सव्वाशे वॅटच्या आसपास. त्यात २६ अंशांचं पाणी चोवीस तास ओतत राहिलात तर तो तापून ओव्हरलोडवर बंद पडतो. आतली हवाही पाइपमधली उष्णता फार सावकाश घेते.

पेल्टियरची चकती (वीज दिली की एका बाजूने गार, दुसरीने गरम होणारी) १२ व्होल्टवर चालते, आवाज करत नाही, दिसायला गोंडस. पण साठ वॅट खाऊन वीस-पंचवीस वॅट उष्णता हलवते. वीस लिटरच्या खेळण्यातल्या टाकीला ठीक. खिडकीचा एसी उघडून त्याची कॉइल बादलीत बुडवणारेही आहेत. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उपसतो, म्हणजे आपल्या गरजेच्या आठपट, आणि कॉइल वाकवताना पाइप तडकला की गॅस गेला. नव्या एसींमधला गॅस पेट घेऊ शकतो, हे वेगळंच.

वॉटर कूलर मुळातच पाणी गार करायला बनलेला असतो. त्याचा कॉम्प्रेसर ३०-३५ अंशांचं पाणी १२-१५ वर आणण्यासाठी निवडलेला असतो, टाकीभोवती कॉइल कारखान्यातच गुंडाळलेली असते आणि बाहेरून पफचं (फोमचं) इन्सुलेशन असतं. आपल्याला गॅसच्या एकाही जोडाला हात लावायचा नाही. त्याच्यावर लिहिलेलं ‘२०/४०’ म्हणजे ताशी २० लिटर गार करण्याची क्षमता आणि ४० लिटर साठा. ताशी २० लिटर पाणी २० अंशांनी उतरवायचं म्हणजे सुमारे ४६५ वॅट. २०० लिटरच्या टाकीला मोजूनमापून बसतो. ३५०-४०० लिटरची टाकी असेल तर ‘४०/८०’ बघा.

आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे ते ४० लिटर गार पाणी. त्याच्याकडे परत येऊ.

जुना कूलर घेताना

भंगारवाला ‘मालक, एकदम चालू कंडिशन आहे’ म्हणणारच. त्याच्या दुकानात प्लग लावून, वर हात धरून ‘हां, गार लागतंय’ एवढ्यावर पैसे देऊ नका. थर्मामीटर आणि तासभर वेळ घेऊन जा. टाकीत मोजून ४० लिटर पाणी भरा, मधून मधून काठीने ढवळा. तासाभरात १० अंश उतरलं तर ताकद ४६५ वॅट. ६ अंशच उतरलं तर २८० वॅट, म्हणजे गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर थकलाय. हिवाळ्यात तपासत असाल तर आलेल्या आकड्यातून पाव भाग वजा करा, कारण मे महिन्याच्या हवेत कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकणं जड जातं.

तांब्याच्या जोडांवर तेलकट काळा डाग दिसला तर तिथून गॅस गळतोय. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी बारीक नळी पाच मिनिटांत बोट ठेवता येणार नाही इतकी गरम झाली पाहिजे, हात जपून लावा. ओळखीचा मेकॅनिक सोबत असेल तर क्लॅम्प मीटरने अँपिअर बघायला सांगा, पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. स्टीलच्या टाकीत गंजाचे ठिपके असले तर घाबरू नका, त्यात समुद्राचं पाणी जाणारच नाहीये.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जुगाड माती खातात. समुद्राचं पाणी थेट वॉटर कूलरच्या टाकीत सोडायचं नाही. साधं स्टील मिठाच्या पाण्यात खड्डे पडून कुजतं, आणि कुठेही तांबं किंवा पितळ त्या पाण्याला लागलं तर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ काही दिवसांत संपतात. म्हणून कूलरच्या टाकीत गोडं पाणी, त्यात प्लास्टिकच्या पाइपचं भेंडोळं, आणि त्या पाइपमधून टाकीचं खारं पाणी.

भेंडोळं

परदेशी लेखांत इथे टायटेनियमची कॉइल सांगतात. ती उत्तमच, तीन-चार मीटरमध्ये काम होतं. पण सोलापुरात टायटेनियम शोधत फिरण्यापेक्षा आरओ दुरुस्तीच्या दुकानात मीटरवर मिळणारा ‘थ्री-एट’, म्हणजे ३/८ इंची, पांढरा पाइप घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी असल्याने त्यातून काही उतरत नाही, आणि मिठाचं त्याला वावडं नाही. प्लास्टिक उष्णता कमी नेतं हे खरं, पण त्यावर उपाय लांबीचा. बाहेर १३ अंश आणि आत २६ अंश पाणी असताना, आजूबाजूचं पाणी हलतं ठेवलं तर एक मीटर पाइप ४०-४५ वॅट ओढतो. ते हललं नाही तरी ३० च्या आसपास. ३० मीटर घेतले की कुठल्याही परिस्थितीत पुरून उरतात.

पण हे ३० मीटर एकाच तुकड्यात लावू नका. आतला भोक जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा असतो, एवढ्या लांबीत साध्या पंपाचा दम निघतो आणि पलीकडे थेंब-थेंब पाणी येतं. दहा-दहा मीटरचे तीन तुकडे समांतर जोडा. पंपाकडून येणारी एक नळी, तिला तीन फाटे, पलीकडे पुन्हा तिन्हींची एक नळी. तिन्हींमधून मिळून मिनिटाला तीन लिटर पाणी वाहिलं तरी पुष्कळ. दोन-अडीच मीटर उंची देणारा २०-२५ वॅटचा पंप पुरेसा आहे.

गुंडाळताना पाइप हमखास मुडपतो. एकदा मुडपला की तिथे पांढरी रेघ उमटते आणि वेढा सरळ केला तरी ती जागा कमकुवतच राहते, तो तुकडा बाजूला ठेवा. म्हणून आधी पाइप अर्धा तास उन्हात टाका (मे महिन्यात एवढं तरी ऊन कामी येऊ दे), नाहीतर आंघोळीच्या गरम पाण्यात बुडवा. मग २० सेंटिमीटर व्यासाच्या डब्यावर वेढा द्या. दहा मीटरचे सोळा वेढे होतात. दोघं असाल तर बरं, एकाने डबा फिरवायचा आणि दुसऱ्याने पाइप ताणून द्यायचा. पीव्हीसी पाइपच्या तीन उभ्या पट्ट्यांना केबल टायने वेढे बांधा आणि दोन वेढ्यांत बोट जाईल एवढी फट ठेवा, म्हणजे गार पाणी सगळीकडून लागेल. केबल टाय प्लास्टिकचेच, आत तार कुठेही नको. कूलरच्या टाकीचं आतलं माप आधी घ्या, भेंडोळं बनवल्यावर नाही.

बुडणाऱ्या भागात एकही जोड नको. तिन्ही तुकडे अखंड आत जावेत आणि अखंड बाहेर यावेत. टी, एल्बो, क्विक कनेक्टर सगळे झाकणाच्या वर, डोळ्यांना दिसतील असे. गळती होईल ती जोडातच, आणि ती दिसलीच पाहिजे.

कूलरची तयारी

कूलरला मागून नळाचं पाणी घेणारा फ्लोट वॉल्व्ह असतो. तो काढा आणि भोक बंद करा. हे टाळू नका. पाइपला बारीक छिद्र पडलं आणि फ्लोट चालू असला, तर नळाचं गोडं पाणी पंपाच्या बंद वेळेत टाकीत झिरपत राहू शकतं, आणि फ्लोट ते पुन्हा पुन्हा भरत राहतो. फ्लोट नसेल तर नुकसान ४० लिटरवर थांबतं. पुढचे नळही काढून प्लग मारा, नाहीतर घरी आलेला पाहुणा ग्लास घेऊन उभा राहील.

आत आरओचं पाणी भरा. गाडीच्या रेडिएटरमधला हिरवा कूलंट अजिबात नको, तो विषारी असतो. १२-१३ अंशांवर गोठण्याचा प्रश्नच नाही, मग त्यात काही मिसळायचं कशाला? तळाशी ५-८ वॅटचा छोटा पंप टाका, गार पाणी एका बाजूला साचून राहत नाही. झाकण घट्ट बसू दे, पाइप जातात तिथे एसीवाल्यांकडचं काळं नायट्राइल इन्सुलेशन कोंबा.

भरल्यावर त्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजून झाकणावर मार्करने लिहून ठेवा. ३० असेल तर ३०. दर महिन्याला पुन्हा मोजायचा. तो एकदम शेकड्यांत गेला तर खारं पाणी आत येतंय, भेंडोळं बदला. यापेक्षा स्वस्त गळती-सूचक नाही.

कूलर ठेवायचा कुठे? टाकीशेजारी नको. तो टाकीतून उपसलेली उष्णता अधिक स्वतःची वीज खोलीत ओतणार, आणि बंद खोलीत तुम्ही टाकी गार करत खोली तापवाल. सावलीतली गॅलरी किंवा भिंतीपलीकडचा बोळ उत्तम. पाइप चार-पाच मीटरपेक्षा लांब नको, त्यांच्यावर इन्सुलेशन चढवा, आणि भिंतीतलं भोक दोन्ही बाजूंनी बुजवा. उंचीही बघा. कूलरमधल्या पाण्याची पातळी संपच्या पातळीच्या थोडी खाली राहिली तर छिद्र पडलं तरी गोडं पाणी टाकीत उलटं येत नाही, खारंच कूलरमध्ये जातं आणि टीडीएसवर पकडलं जातं. पंप आणि परतीचा पाइप दोन्ही संपमध्येच ठेवा, मुख्य टाकीत नाही. कुठे पाइप निसटलाच तर संपमधलं पाणी जाईल, मासे कोरडे पडणार नाहीत.

दोन वेगळे मेंदू

आता नियंत्रण. कॉम्प्रेसर आणि टाकीचं तापमान यांची गाठ घालायचीच नाही. कॉम्प्रेसर कूलरच्याच थर्मोस्टॅटवर चालू-बंद होऊन गोड्या पाण्याला १२-१४ अंशांवर ठेवेल. टाकीचा डिजिटल थर्मोस्टॅट फक्त भेंडोळ्याचा पंप आणि आतला छोटा पंप चालू-बंद करेल. याने कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी धडधडत नाही, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या एसटीसी-१००० सारख्या साध्या थर्मोस्टॅटच्या रिलेवरही (आतल्या स्विचवरही) जड भार येत नाही.

एसटीसी-१००० वर एफ-१ ला २६.०, एफ-२ ला ०.५ ठेवा. २६.५ ला पंप सुरू, २६.० ला बंद. एफ-३ हा कॉम्प्रेसर जपण्यासाठीचा विलंब, आपल्याकडे त्यावर पंपच असल्याने १ मिनिट पुरे. एफ-४ ने सेन्सरची चूक दुरुस्त करता येते. काचेचा चांगला थर्मामीटर शेजारी धरून एकदा जुळवून घ्या, हे स्वस्त सेन्सर एखाद-दीड अंश इकडेतिकडे दाखवतात. सेन्सर संपमध्ये, वाहत्या पाण्यात, पण गार पाणी परत येतं त्या कप्प्यात नाही.

रिले कधीतरी चिकटून पंप चालूच राहिला तर रात्रीत पाणी २० च्या खाली जाऊ शकतं. म्हणून त्याच ओळीत दुसरा थर्मोस्टॅट लावा आणि तो २५.० वर ठेवा. पहिला नीट असेपर्यंत दुसऱ्याला काही काम नाही. पंखे तिसऱ्या, वेगळ्या थर्मोस्टॅटवर २७.५ ला सुरू होऊ देत, चिलर मेला तरी ते राखण करतील. हीटर २४ वर. तो २६ वर ठेवलात तर दोघं एकमेकांशी भांडत बसतील आणि बिल तुम्ही भराल.

वीजजोडणी जाणकाराकडूनच करून घ्या. स्टीलचा डबा, पाणी, मीठ आणि २३० व्होल्ट एकत्र येतायत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि कूलरच्या बॉडीला खरीखुरी अर्थिंग हवीच. प्रत्येक वायर प्लगच्या खाली एकदा झोका घेऊन वर जाऊ दे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. कूलरला तीन मिनिटांचा विलंब असलेला स्टॅबिलायझर द्या. वीज जाऊन लगेच आली की दाबाखाली असलेला कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो आणि जळतो.

वीज गेल्यावर

आता त्या ४० लिटर पाण्याकडे येऊ. ते १३ वरून २२ अंशांवर चढेपर्यंत सुमारे ४२० वॅट-तास उष्णता पोटात घेतं. वीज गेली की दिवे बंद, भार दीडशे-पावणेदोनशे वॅटवर येतो. म्हणजे कॉम्प्रेसर बंद असतानाही दोन-अडीच तास टाकी २६ वर राहते, आणि त्यासाठी इन्व्हर्टरवर लागतात फक्त दोन छोटे पंप, थर्मोस्टॅट आणि एक वेव्हमेकर. सगळे मिळून चाळीस-पन्नास वॅट. विकतच्या चिलरमध्ये पाण्याचा असा साठाच नसतो, वीज गेली की तो नुसता खोका. एप्रिलमधल्या वळवाच्या वादळात तारा तुटल्या की या साठ्याची किंमत कळते.

त्याहून लांबलं तर फ्रीझरमधल्या बाटल्या. एक लिटरची गोठलेली, घट्ट बुचाची बाटली २०० लिटर पाणी साधारण अर्धा अंश उतरवते. एका वेळी एकच, संपमध्ये. बर्फ थेट टाकीत टाकू नका, खारटपणा पडतो.

सुरू करताना

पहिले चोवीस तास सगळी जोडणी बादलीभर साध्या पाण्यावर चालवा. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र अंथरा, एक थेंब पडला तरी कागद सांगतो. मग ते पाणी फेकून पाइप टाकीला जोडा.

टाकी आधीच ३० वर गेली असेल तर एका दिवसात २६ वर आणू नका. थर्मोस्टॅट २९ वर, दुसऱ्या दिवशी २८ वर, असं एकेक अंश. पहिल्या आठवड्यात दुपारी तीनला आणि पहाटे पाचला तापमान लिहून ठेवा. फरक पाऊण अंशाच्या आत हवा. पंप तासातले वीस-पंचवीस मिनिटं चालत असेल तर यंत्राच्या अंगात दम आहे. सतत चालत असेल तर आधी गोड्या पाण्याचं तापमान बघा. ते १३-१४ असेल तर अडचण भेंडोळ्यात किंवा पंपात आहे. ते २० वर चढलं असेल तर कॉम्प्रेसर कमी पडतोय. विजेला दिवसाला तीन-चार युनिट धरा.

देखभाल

सोलापुरात, त्यातही पूर्व भागात, यंत्रमागांचा कापसाचा भुरा हवेत असतोच. तो कंडेन्सरच्या जाळीत बसतो आणि महिन्याभरात राखाडी गादी तयार होते. यंत्र चालू, पण गार काहीच होत नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्लग काढून मऊ ब्रशने उभ्या रेषेत झाडा, जाळीची पातं वाकवू नका.

भेंडोळ्याच्या पंपाला तोंडाशी स्पंज लावा आणि तो आठवड्याला धुवा. आरओ पाइपचं भोक लहान, त्यात गाळ अडकला की प्रवाह हळूहळू कमी होतो आणि लक्षातही येत नाही. परतीच्या पाइपखाली एक लिटरचं भांडं धरून किती सेकंदात भरतं ते महिन्याला मोजा. वेळ दीडपट झाली की पाइप टाकीपासून सोडवून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं तासभर फिरवा, मग साध्या पाण्याने धुऊन जोडा. स्टँडवर, प्लगवर चढणारं मिठाचं पांढरं फूल ओल्या फडक्याने पुसत राहा.

नोव्हेंबरपासून कूलरचा प्लग काढता येतो, थंडीत हीटरचंच राज्य असतं. तेव्हा भेंडोळ्यातलं खारं पाणी फुंकून पूर्ण काढा आणि साध्या पाण्याने धुवा. आत अडकून राहिलेलं पाणी कुजतं, आणि फेब्रुवारीत पहिल्यांदा पंप लावला की ते सडकं पाणी सरळ टाकीत येतं. कूलरही रिकामा करून, कोरडा पुसून, झाकण थोडं उघडं ठेवा. फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा भरा आणि ४० लिटरची एक तासाची चाचणी परत घ्या. गॅस भरायचा असेल तर मेकॅनिकला तेव्हाच बोलवा, एप्रिल उजाडल्यावर तो फोन उचलत नाही.